पाहुण्यांच्या पाठीमागून

आमच्याकडे शाळेची मॅच असली की शूटिंगचा मोबाइल स्टेजकडे तोंड करूनच लावतात. खेळणारी पोरगी दिसो न दिसो, सोफ्यावरचा पाहुणा दिसलाच पाहिजे. याला लोक मानपान म्हणतात, मी मूर्खपणा म्हणते. आणि याच मूर्खपणापायी माझ्या भाचीची, खुशीची, नागपूरची निवड अडून बसली होती.

खुशी तळेगावची. आईबाप वांगी, मेथी पिकवतात. पोरगी शिकायला वर्ध्यात, सिंदी मेघेला माझ्याकडे राहते आणि बॅडमिंटन खेळते. नागपूरच्या एका कोच बाईंनी, आपल्याकडे शिकायला घ्यायचं का ते ठरवायला, तिच्या एका पूर्ण मॅचचा व्हिडिओ मागितला होता. शाळेच्या हॉलमधली सेमीफायनल हिरालाल सरांनी, म्हणजे खेळाच्या मास्तरांनी, माझ्याच मोबाइलवर घेतली. मी पाठवली. बाईंचा फोन आला.

"यामिनीताई, हे काय पाठवलंत? मागे खिडक्या लखलखीत आणि पुढे दोन सावल्या नाचताहेत. शटल तर गायबच. मला मुलीचे पाय कसे पडतात ते बघायचंय हो. उद्यापर्यंत दुसरा पाठवा, नाहीतर पुढच्या वर्षी बघू."

फायनल उद्याच होती. ही शेवटची संधी.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेले तर तेच. स्टेजवर सोफा, सोफ्यामागे मोठाल्या खिडक्या, आणि हिरालाल सरांचा स्टँड त्या उजेडाकडे तोंड करून उभा. मी ओढणीनं मोबाइलची काच पुसली, स्टँड उचलला आणि सरळ स्टेजवर चढले. सोफ्यामागे, खिडक्यांकडे पाठ करून लावला. आता उजेड माझ्या मागून कोर्टावर पडत होता. वरून चारही रेषा दिसत होत्या. झूमला हात लावला नाही. झूम केलं की मोबाइल चित्राचा चिवडा करतो.

"मॅडम, काय करून राह्यल्या तुम्ही?" हिरालाल सर धावत आले. "पाहुण्यायच्या पाठीमागून शूटिंग? साहेबाचं नुसतं टक्कल येईन!"

"येऊ द्या. टक्कल काही बॅडमिंटन खेळत नाही."

"हळू बोला ना! संस्थेचे अध्यक्ष आहेत ते. माही नोकरी जाईन."

अध्यक्ष सदाशिवराव सोफ्यावर काजू खात होते. ते वळले. "काय झालं जी?"

मी सेमीफायनलचा व्हिडिओ लावून त्यांच्या हातात दिला. त्यांनी डोळे बारीक केले.

"हे काळं काय आहे?"

"तुम्ही."

"मी?"

"मागं खिडकी होती, म्हणून तुमचा कोळसा झाला. बाजूचं पोतं दिसतंय ना, ते मुख्याध्यापक."

मुख्याध्यापकांना ठसका लागला. सदाशिवरावांनी व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला. चेहरा पडला बिचाऱ्यांचा.

"म्हंजे दरसाल मी असाच दिसून राह्यलो? अन् कोणी सांगतलं नाई मले? मंग बसू कुठं?"

"समोरच्या भिंतीला, पोरांमध्ये. उजेड तोंडावर येईल. मिशीचा केस न् केस दिसेल."

"उचला रे सोफा!"

सोफा निघाला, टीपॉय निघाला, मागून काजूची बशी घेऊन मुख्याध्यापक निघाले. स्टेज रिकामं झालं.

मॅच सुरू होणार तोच नवं लचांड. शटल भरकटू नये म्हणून पंखे बंद केलेले. सदाशिवरावांना घामाच्या धारा लागल्या. "पंखा लावा!"

सर्व्हिसला उभी खुशी तिथूनच ओरडली, "आजोबा, पंखा लावला तं शटल तुमच्या चहात येईन!"

हॉल हसला. हिरालाल सरांनी डोळे मिटून घेतले. पण म्हाताराही हसला आणि पुष्पगुच्छानंच वारा घेत बसला. दुसरा गेम खुशीनं जिंकला तेव्हा गुच्छाच्या फक्त काड्या उरल्या होत्या. तिसऱ्या गेमला गडी बूट काढून सोफ्यावर उभा. "मार पोरी! कोपऱ्यात मार!"

पोरगी थोडक्यात हरली. माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "मावशी, नको पाठवू ना. हरलेली मॅच काऊन पाठवतं?"

"बाईंनी पाय मागितलेत, कप नाही."

पाठवली. संध्याकाळी फोन आला. मी स्पीकरवर टाकला.

"काय फिरते हो मुलगी! शटल शेवटपर्यंत दिसलं. सोमवारी घेऊन या तिला." मग बाई थांबल्या. "पण तो मागे सोफ्यावर नाचणारा माणूस कोण? दोन रॅली मी त्यालाच बघत बसले. परत मागे न्याव्या लागल्या."

"संस्थेचे अध्यक्ष."

"अगदी स्पष्ट आलेत हो!"

खुशीनं डोळे पुसले, माझ्या हातातून मोबाइल ओढला आणि पहिला फोन आईला नाही, हिरालाल सरांना लावला.

"सर, माही निवड झाली! अन् तुमची नोकरी वाचली. साहेब मिशीसकट आले!"