काठीवरची निळी किनार

सुरतेजवळच्या चलथाणच्या उसात तणाचं औषध मारणारा हिलाल इतका एकटा होता, की त्याच्या खोपीतली पालसुद्धा चुकचुकायच्या आधी इकडेतिकडे बघून घ्यायची. शिरपूरकडून येऊन त्याला तीन महिने झाले होते. बोलायला माणूस एकच, बांधापलीकडची धुरपदाबाई. तीही खानदेशचीच, विधवा. भाड्याच्या पट्ट्यात वालपापडी लावायची. रोज दुपारी वेलांतून हाक यायची, "हिलालभाऊ, जेवना का?" तेवढ्या हाकेवर तो दुसऱ्या दुपारपर्यंत पोट भरायचा.

त्र्याहत्तर सालचा पौष. हिलालनं पाठीवर पंप चढवला. शेतकी बाबूनं बजावलं होतं, वारा बघ, नळी खाली धर. त्यानं वारा बघितला, सकाळी, एकदाच. वारा गाडीरस्त्याकडे होता, धुरपदाबाईच्या पट्ट्याकडे पाठ करून. त्याच्या गावचा वारा असा हट्टी, की सकाळी निघाला तर दिवस मावळेपर्यंत मान वळवायचा नाही. सुरतेचा वारा दुपारी समुद्राकडून उलटा येतो, हे त्याला कोण सांगणार? पाठीवर गार झुळूक लागली, तेव्हा त्याला उलट बरंच वाटलं.

आठवड्यात पापडीचे शेंडे कुत्र्याच्या शेपटीसारखे वळले.

"दिठ लागनी," म्हणत धुरपदाबाईनं वेलांवरून मीठमोहरी उतरवली. हिलालच्या उसातलं तण अगदी असंच वळून मेलं होतं. तो गप्प राहिला. गप्प राहण्यात तो तसाही तालुक्यात पहिला.

आणखी आठ दिवसांनी ती उरल्यासुरल्या शेंगांची टोपली घेऊन निघाली.

"बमरोलीले जाई ऱ्हायनू. नातीसले पापडी आवडस."

सांगितलं तर दुपारची हाक जाणार होती. हिलाल वाटेत उभा राहिला.

"पोरीसले देऊ नको, आक्का. वारा फिरना. मन्हा औषधनं हाई करं."

"तुले ठाऊक व्हतं?"

"आठ दिनफाईन."

तिनं टोपली त्याच्या पायाशी उपडी केली. "आन् मी तुले रोज जेवाले इचारू," म्हणाली आणि वळली.

शेळीच्याही तोंडी लागू नयेत म्हणून त्यानं त्या शेंगा पुरल्या. खड्डा एवढा खोल खणला, की त्यात उंट उभा मावला असता.

हंगाम बुडाला, पट्टा सुटला. होळीआधी धुरपदाबाई मुलाकडे बमरोलीला राहायला गेली. जाताना बांधावर काठी रोवून तिनं लुगड्याची निळी किनार फाडून बांधली.

"आते हाईले इचारत जा."

पुढच्या पौषात हिलाल औषध मारत होता. दुपार झाली. किनार आधी लोंबली, मग फडफडून पलीकडच्या पट्ट्याकडे वळली. तिथं आता नुसतं गवत होतं, जळलं तरी कुणाचं काही जाणार नव्हतं. हिलालनं पंप बंद केला, हातपाय साबणानं धुतले आणि काठीजवळ भाकरीचं फडकं सोडून बसला.

"जेवनू, आक्का," तो म्हणाला, आणि मग पहिला घास मोडला.