बारकी माणसं रांगेत नको

साधनाचं डोकं फिरलं की अख्ख्या आळीला कळायचं. त्या दिवशी ते चंद्रपूरच्या दवाखान्यात, डॉक्टरच्या टेबलापुढंच फिरलं.

तिच्या नवऱ्याच्या, खुशालच्या पोटात पाणी भरलं होतं. हातपाय मात्र काडीसारखेच. डॉक्टरनं सोनोग्राफी पाहिली आणि विचारलं, "दारू किती वर्षांपासून?"

"दारू?" साधना खुर्चीवरून उठलीच. "माया नवऱ्यानं जन्मात थेंब नाई चाखला! लिव्हर म्हटलं का दारूच काऊन आठवते तुमाले?"

तिनं पिशवीतून चार वर्षांपूर्वीचा कागद काढून टेबलावर आपटला. मूल गावातल्या तपासणी शिबिरातला. लिव्हरवर चरबी आहे, असं त्यात चांगलं ठळक लिहिलं होतं. पण शिबिरातल्या साहेबानं खुशालकडं पाहिलं अन् मेला हसला. राइस मिलमधला हमाल, धानाच्या पोत्यापेक्षा हलका! "याच्या अंगात कुठली चरबी? बाई, जरा खाऊ घाला याला."

अन् बाईनं घातलं की! सकाळी पेजेत साखर, दुपारी भाताचा ढीग, वरून तूप, मिलवर जाताना गोडमिट्ट चहा. अंगाला मांस लागावं म्हणून चार वर्षं वाढणारा हात तिचाच होता. मांस लागलं नाही, लिव्हरवरची चरबी तेवढी वाढली. हे आठवलं की तिला साहेबापेक्षा स्वतःचाच राग जास्त यायचा.

डॉक्टरनं कागद दोनदा वाचला. आवाज खाली आला. "बारीक माणसालाही होतो हा आजार. उलट त्याच्याकडं कोणी बघतच नाही, म्हणून उशीर होतो. लिव्हर आकसलंय, आता पहिल्यासारखं होणार नाही. पथ्य पाळलं तर काही वर्षं निघतील. घरात अजून कोण आहे?"

"पोरगी. करिष्मा. बापावरच गेली, तशीच बारीक."

"तिला लवकर तपासा. पुढच्या आठवड्यात मूललाच शिबिर आहे."

घरी आले तर शेजारची केसरबाई वाटीभर खीर घेऊन दारात उभी. "पोरीचं लगन जमून राह्यलं, थोडं अंग भरू दे तिचं."

साधनानं वाटी तशीच परत दिली. "तुमची माया कळते मले, बाई. पन आमच्या घरात आता कोणाले भरवू नका."

शिबिरात नाव लिहिणाऱ्या बाईनं करिष्माला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जाड्या लोकांचीच सोनोग्राफी आहे. चल, पुढचा."

साधना जागची हलली नाही. बाकावर बसलेल्या खुशालला तिनं हाताला धरून आणलं, टेबलापुढं उभं केलं अन् त्याचा शर्ट वर केला. तो बिचारा लाजून मान खाली घालून उभा राहिला.

"पाहा! चार वर्षाअगोदर याच शिबिरातून यायले, माया नवऱ्याले, हसून घरी धाडलं. पोरीचं पोट असं फुगल्यावर तिले रांगेत घेता का?"

बाईनं पेन उचललं. "नाव सांगा."

"करिष्मा खुशाल," साधना म्हणाली. अन् नाव पूर्ण लिहून होईस्तोवर तिनं नवऱ्याचा शर्ट खाली सोडला नाही.