वाळूवर झोपलेला नर

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी कॅलिफोर्नियातल्या सॅन सिमियनच्या किनाऱ्यावर सोंडेसारख्या नाकाचे हत्तीसील पाहायला जायचे आणि गाडी विनिफ्रेड हॅडलीनेच चालवायची, हा विनिफ्रेड, ओपल आणि ग्लेंडा या तिघी मैत्रिणींचा बावीस वर्षांचा शिरस्ता होता. एक्याऐंशीव्या वर्षी तो मोडण्याची विनिफ्रेडची तयारी नव्हती. नजरेच्या मध्यभागी धुके साचू लागल्याचे तिने म्हणूनच कोणाला कळू दिले नव्हते. कळले असते, तर किल्ली गेली असती आणि वर्षातला हा एक दिवस दुसऱ्याच्या मर्जीवर राहिला असता.

किनाऱ्यावरच्या कठड्याशी पोहोचताच तिने सूत्रे हाती घेतली. कित्येक वर्षे तिने येथे स्वयंसेविका म्हणून पर्यटकांना माहिती दिली होती. ते काम सुटले तरी अधिकार सुटला नव्हता. डावीकडून ढोलासारखा घुमणारा आवाज आला.

"हा म्हातारा नर. थांबून थांबून बोलतो," ती म्हणाली. "आणि ती किंकाळी पिल्लाची. आई जरा सरकली असेल."

दोन्ही अचूक होते.

"ऐक बाई तू. मी सँडविच खायला आलेय," ग्लेंडा म्हणाली.

शेजारच्या एका गृहस्थाने अदबीने विचारले, "मॅडम, यातला सगळ्यात मोठा कोणता?"

विनिफ्रेडने बोट रोखले. "तो, एकटाच झोपलाय तो. विणीच्या हंगामात नर खात नाहीत; डिसेंबरपासून पोटात काही नाही बिचाऱ्याच्या."

गृहस्थाने दुर्बीण लावली, खाली घेतली आणि अवघडून ओपलकडे पाहिले. विनिफ्रेडने दाखवलेल्या जागी भरतीने टाकलेल्या शेवाळाचा ढीग होता.

"अगदी गाढ झोपलाय," ओपल चटकन म्हणाली. गृहस्थ मान डोलावून निघून गेला.

बावीस वर्षांत ओपल इतक्या चटकन कशालाही 'हो' म्हणाली नव्हती. विनिफ्रेड तिच्याकडे वळली.

"ओपल, काय आहे ते?"

"नर."

"ओपल."

"शेवाळ आहे गं. पण नाक हुबेहूब!"

"कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणापासून," ग्लेंडा म्हणाली. "भाजलेली टर्की समजून माझा टेबलक्लॉथ कापलास तेव्हापासून."

"आणि तरी आज माझ्या गाडीत बसलात? अक्कल कुठे गेली होती?"

"तुला सांगणार कोण? त्यापेक्षा दरीत जाणं सोपं होतं."

विनिफ्रेडला राग आला. पण तो कोणावर काढावा, हे तिला कळेना. आपल्याला दुखवायला नको म्हणून या दोघी जिवावर उदार होऊन दरीकाठच्या वळणावळणाच्या रस्त्याने आल्या होत्या.

चुकीची माहिती दिली, तर पाहुणा जाण्यापूर्वी ती स्वतः सुधारायची, हा स्वयंसेवकांचा दंडक होता. ओपलचा हात धरून तिने त्या गृहस्थाला वाहनतळावर गाठले.

"साहेब, ते शेवाळ होतं. मला नीट दिसत नाही."

एवढे बोलल्यावर किल्ली देणे फारसे अवघड राहिले नाही. तिने ती ओपलच्या तळहातावर ठेवली.

"चालव. पण रस्ता मी सांगणार, आणि पुढे मीच बसणार. ग्लेंडा, तू मागे."

"मी बावीस वर्षं मागेच बसतेय, बाई," ग्लेंडा म्हणाली आणि दार उघडून तिने विनिफ्रेडला हाताला धरून पुढे बसवले.