लिंबातली टाचणी

'जुन्या लुगड्याची बाई, गोधडी मी शिविते,
लेकराच्या थंडीसाठी, टाक्याला टाका देते.'

तासगावच्या घरात पाय पसरून आई हे म्हणायची आणि श्रेयस तिच्या गुडघ्याला डोकं टेकून ऐकायचा. तीस वर्षं झाली. तो आवाज आज त्याला कतारमध्ये, दोह्याच्या मदिनत खलीफा वस्तीतल्या एका व्हिलात आठवला, कारण गालिच्यावर निजवलेली आई एका परक्या माणसापुढे लहान मुलीसारखी कण्हत होती.

शुक्रवारची सकाळ होती. गाड्या लांब लावा, चपला आत घ्या, बाहेर कुणाला कळायला नको, असा भजनी ग्रुपवर मेसेज होता. आत चाळीस माणसं. इंजिनिअर, बँकवाले, ऑडिटर. ऑफिसात साध्या ईमेलचाही पुरावा मागणारी मंडळी इथे हात जोडून बसली होती.

व्हिजिट व्हिसावर आलेले गुरुकाका आईच्या पोटावरून लिंबू फिरवत होते. "ये बाहेर! यल्ला, यल्ला!" पंधरा दिवसांत काकांच्या भुतांनाही अरबी कळू लागलं होतं.

सुरी चालली. लिंबातून लालभडक रक्त टपकलं आणि त्यात एक गंजकी टाचणी.

"तिसरी!" कुणीतरी ओरडलं.

"अजून आहेत," काका डोळे मिटून म्हणाले. "कडं करून बसल्यात. करणी करणारी परक्या रक्ताची आहे, पण राहते घरातच. सात दिवस दवाखान्याची पायरी चढायची नाही. लोखंड लोखंडाला ओढतं."

सगळ्या नजरा उर्वीकडे वळल्या. ती श्रेयसची बायको, इथल्या भारतीय शाळेत सायन्स शिकवायची. उर्वीने श्रेयसकडे पाहिलं. श्रेयसने मान खाली घातली.

कड्याची गोष्ट खोटी नव्हती, हीच पंचाईत. आईच्या ऑपरेशनला आठ दिवस झाले होते. मधे पोट फुगलं म्हणून एक्स-रे काढला, तो तिने श्रेयसच्या फोनवर पाहिला. ओटीपोटात पांढऱ्या टिंबांचं गोल कडं. "माझ्या पोटात टाचण्या रं!" तिने फोटो तासगावला पाठवला. तिथून तो फिरत फिरत दोह्याच्या भजनी ग्रुपवर आला आणि काकांच्या हाती लागला.

डॉक्टरांनी सगळं आधीच समजावलं होतं. पण ते इंग्रजीत बोलत, आईला मराठीच येई, आणि मधला दुभाषी श्रेयस. "मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे," डॉक्टर म्हणाले होते. "तेवढा भाग कापून उरलेली दोन टोकं मशीनने जोडू. टायटॅनियमच्या बारीक पिनांचं कडं आत राहील. हा जोड पहिल्या दहा-बारा दिवसांत उसवू शकतो. मग मळ पोटात पसरतो. ताप आला, पोट दुखलं, तर तासभरही थांबू नका. आईंना हे नीट सांगा."

श्रेयसने सांगितलं, "साधी गाठ आहे, आई. काढतील आणि घरी." उर्वीलाही तेवढंच. हॉस्पिटलची फाईल त्याने ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आई खचेल, ही भीती. जिने जन्मभर चिंध्या जोडल्या, तिला जोड उसवणं म्हणजे काय ते एका वाक्यात कळलं असतं. ते वाक्य तो बोलला नाही. त्या रिकाम्या जागेत काका येऊन बसले.

शनिवारी ताप चढला.

"आत्ता हॉस्पिटलात नेऊ या," उर्वी म्हणाली.

"तू बोलूच नकोस," आई म्हणाली. "तुझ्या हातचं पाणीसुद्धा नको मला."

श्रेयसने काकांना फोन केला. ते म्हणाले, "करणी जळतेय. शुभ आहे."

डॉक्टरांचं वाक्य श्रेयसला पाठ होतं. पण नेलं, तर का न्यायचं ते सांगावं लागणार होतं. रविवार तसाच गेला. सोमवारी पहाटे आईचे हातपाय गार पडले, तेव्हा अँब्युलन्स आली.

जोड उसवला होता. पिना जागच्या जागी होत्या, पण आतड्याची कड भरून आली नव्हती. पोट पुन्हा उघडून पू धुतला, जोड काढून टाकला, आतड्याचं टोक पोटावर आणून मळासाठी पिशवी लावली. डॉक्टरांनी त्याच पहाटे, पोट उघडण्याआधी काढलेला स्कॅन दाखवला. कडं पूर्ण. काकांनी तीन काढूनही एकही पिन कमी नाही. "दोन दिवस आधी का नाही आणलंत?"

श्रेयसने उर्वीच्या हातात फाईल दिली. तिने ती कॉरिडॉरमध्ये उभ्यानेच वाचली.

शुक्रवारी ग्रुप पुन्हा जमला तेव्हा उर्वी व्हिलात गेली. मागोमाग श्रेयस.

"काका, सासूबाईंच्या उरलेल्या टाचण्या काढायच्यात. लिंबू आणि सुरी मी आणलीय."

"बाहेरची सुरी अशुद्ध."

"मग तुमची शुद्ध द्या." काकांनी हात पुढे करायच्या आत तिने त्यांची सुरी उचलली आणि आपलं लिंबू कापलं. रक्त टपटपलं. "हे सकाळी दुकानातून आणलं. याच्यावर कुणी केली करणी?" मग आपल्या सुरीने तिने काकांच्या टोपलीतलं लिंबू चिरलं. रक्ताचा थेंब नाही, टाचणी मात्र निघाली.

"पात्यावर जास्वंद चोळून वाळवलीय. आंबट लागलं की लाल होते. सहावीच्या मुलांना शिकवते मी हे. टाचणी देठाकडून आधीच खुपसलेली. आणि डॉक्टरांच्या पिना टायटॅनियमच्या असतात काका, त्या गंजत नाहीत. तुमच्या कुठल्या डबीतल्या?"

"श्रद्धा नसेल तर गुण कसा—"

"श्रद्धा होती. सासूबाई आयसीयूत आहेत." ती लोकांकडे वळली. "पोटात काय केलं, ते ज्याने पोट उघडलं त्याला विचारायचं. दुसऱ्यांदा विचारायचं, कळेपर्यंत विचारायचं. एवढंच करायचं होतं."

कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. जो तो आपली चप्पल शोधत होता. दोन दिवसांनी काका विमानात बसले. ग्रुपचं नाव बदललं, ग्रुप राहिला.

आई शुद्धीवर आली. पाणी द्यायची परवानगी मिळाली. उर्वीने चमचा पुढे केला. आईने तोंड फिरवलं.

"हिला बाहेर काढ. खरं सांग श्रेयस, हिनंच केलं ना रं हे मला?"

उर्वी चमचा धरून तशीच उभी राहिली. काकांची लबाडी तिने चाळीस जणांत फोडली होती. श्रेयसची फोडणं तिच्या हातात नव्हतं.

श्रेयसने आईचा हात धरला.

"कुणीच काही केलं नाही, आई. तुला कॅन्सर आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. डॉक्टरांनी तुला सांग म्हटलं होतं. मी सांगितलं नाही."