पोटावरच्या डोळ्यात कुंकू

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे. वायर नसलेला, राखाडी, डाव्या बटणाचा रंग उडालेला. माझा डोळा पोटावर आहे. त्यातून लाल उजेड पडतो, त्या उजेडात मी टेबल बघत सरकतो आणि पडद्यावरचा बाण हलतो.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. २००६ साली अभयने मला सिंगापूरला, क्वीन्सटाउनमधल्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. "किती हलका चालतो!" असं तो म्हणाला होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

मग पुण्याहून त्याची आई, सरोजिनी आजी, सहा महिन्यांसाठी आल्या. पद्माकर आजोबांना विमानाची भीती वाटते. पण घराला कुलूप नको, असं सांगून ते मागे राहिले. रोज दुपारी दोनला, म्हणजे पुण्यात साडेअकराला, आजोबा कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत येऊन बसत आणि इकडे आजी माझ्यावर हात ठेवत. सुरुवातीला त्या मला इतकं घट्ट धरत, जणू मी पळूनच जाणार होतो. पुढे हात सैल पडला. पडद्यावर आजोबा दिसले, की त्या आधी पदर सारखा करत. मला तेव्हा फार बरं वाटे.

दसऱ्याला आजींनी नात आर्याची पुस्तकं आणि मला पाटावर मांडलं. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल! मी मानाने फुगून गेलो. पण पाटावर सांडलेलं चिमूटभर कुंकू माझ्या डोळ्यात गेलं, आणि ते सांगायला मला तोंड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता बाण हलेना. हललाच तर भलतीकडे उडे. तिकडे आजोबा वाट पाहून घरी गेले.

संध्याकाळी अभयने माझे सेल बदलले. कॉम्प्युटरला जोडलेल्या रिसीव्हरचं बटण दाबून पाहिलं. टेबलाची काच चकाकते म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं. उपाय सगळे बरोबर होते हो! मला उलटं करूनही बघितलं, पण लाल उजेडात लाल कुंकू त्याला दिसलं नाही.

"स्पॉइल्ट ऑलरेडी लाह, आजी!" बिघडलाच हा, असं आर्या तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"शनिवारी नवा आणू, आई," अभयची बायको नीता म्हणाली.

"नको गं. माझ्याच हाताने बिघडला. नव्याला मी हात लावणार नाही. यांच्याशी फोनवर बोलेन, आवाज तरी येतो." आणि कॅफेत येऊ नका, मी येणार नाही, असं त्यांनी आजोबांना फोनवर कळवूनही टाकलं.

अभयने सेल काढून घेतले आणि मला त्याच वर्तमानपत्रात गुंडाळलं. सकाळी स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या चूटमधून, म्हणजे भिंतीतल्या उभ्या नळकांड्यातून, मी दहा मजले खाली जाणार होतो. पण आजींच्या त्या बोलण्याने मला जास्त वाईट वाटलं.

सकाळी सगळे बाहेर पडले. आजींनी मला चूटपाशी नेलं आणि थांबल्या. ज्याची पूजा केली, त्याला असं कसं टाकायचं? हात जोडायला म्हणून त्यांनी कागद उघडला. कागदावर एक बारीक लाल रेघ होती. आपलं कुंकू त्या ओळखणार नाहीत तर कोण? त्यांनी मला उलटं केलं. उजेड विझलेल्या माझ्या डोळ्यात कुंकू स्पष्ट दिसत होतं.

"अगं बाई! डोळ्यात गेलं होय रे तुझ्या?"

देवापुढची कोरडी फुलवात घेऊन त्यांनी माझा डोळा हळूच पुसला. सेल स्वतः घातले. एक उलटा बसला, तो काढून सुलटा केला.

दोन वाजता बाण सरळ चालला. पडद्यावर आजोबा होते.

"येणार नाही म्हणालीस," ते म्हणाले, "तरी येऊन बसलो."

आजींनी पदर सारखा केला, मग डोळे पुसले.

मित्रांनो, आम्हाला टाकून देण्याआधी एकदा पोटाकडे बघा. आणि कोणी "मला जमत नाही" म्हणून हात मागे घेतला, तर तो हात धरून परत आमच्यावर ठेवा.

परतताना आजींनी मला पुण्याला आणलं. आता दर दसऱ्याला त्या माझ्या पाठीवर कुंकू लावतात, आणि मग उलटं करून माझ्या डोळ्यावर हळूच फुंकर घालतात.