फुंकर मारली की पिवळं

पैज लावतो, यावर तुमचा विश्वास बसायचा नाही. भरल्या सभागृहात मी नळीतून नुसती फुंकर मारली आणि पेलाभर निळ्या पाण्याचं पिवळं झालं. लोकांनी तोंडात बोटं घातली. माझी छाती फुगली. फुगायला तेवढीच उरली होती. दंड केव्हाच गळाले होते.

मी सुतार. मूत्रपिंडं थकलेली. रंधा जरा ओढला की हात थरथरायचे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, पण बाईंच्या चेहऱ्यावर तेज कुठलं! सभा घेणाऱ्या क्षारबाबांच्या चेहऱ्यावर होतं. त्यासाठी दोन दिवे लावले होते.

"आम्ल!" बाबा गरजले. "क्रोधाचं आम्ल, मत्सराचं आम्ल! फुंका, पाप पाण्यात उतरेल!"

माझं चटकन उतरलं. बाबांनी 'अमृतक्षारा'चे थेंब टाकले, पाणी पुन्हा निळं! मी बाटली घेतली, गोळ्या बंद केल्या. पुढे करवतही उचलेना, तेव्हा मी शहाण्याने करवतच जड झाल्याचं जाहीर केलं.

पुढच्या सभेला थोरली बहीण माझ्यासोबत आली. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली.

"बाबा, एकदा तुम्ही फुंका ना," ताई म्हणाली.

"आम्ही निष्पाप आहोत, माते."

"मग निळंच राहील. घाबरता कशाला?"

लोकही हट्टाला पेटले. बाबांनी चोरून फुंकलं. "जोरात!" ताई ओरडली, जणू बाबा शेवटच्या बाकावर बसलेत. पाणी हिरवट झालं, मग पिवळंधमक.

"श्वासातला कार्बन डायऑक्साइड विरघळला की पाणी जरासं आम्लधर्मी होतं," ताई म्हणाली. "त्यात मिसळलेला रंग त्यानेच बदलतो. जिवंत माणूस कुणीही फुंको! आणि हे थेंब म्हणजे खाण्याच्या सोड्याचं पाणी."

"म्हणजे माझ्या अंगात आम्ल नाहीच?" मी हरखून विचारलं.

"आहे रे गाढवा! पण ते फुंकरीत नाही, रक्ताच्या तपासणीत कळतं. तुझ्या मूत्रपिंडांना आम्ल पुरतं बाहेर टाकता येत नाही. ते साचलं की शरीर स्नायूंमधली प्रथिनं भराभर तोडायला लागतं. त्या तुकड्यांतून मूत्रपिंडं अमोनिया बनवतात, आम्ल वाहून न्यायला. तुझे दंड त्यात चाललेत. गोळ्या त्यासाठीच होत्या."

"गोळ्यांत काय होतं?"

"सोडाच. पण रक्त तपासून, मोजून दिलेला. या बाटलीत किती आहे, बाबांना तरी ठाऊक आहे का?"

बाबांना मागचं दार तेवढं ठाऊक होतं.

दुसऱ्याच दिवशी ताईने मला डॉक्टरीणबाईंसमोर बसवलं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. तेव्हा मंडळी, चमत्कार दिसला की आधी तो करणाऱ्यावरच करून बघा, आणि औषध सोडायचं तर डॉक्टरांना विचारून सोडा. माझंच बघा. हात असे भरलेत की परवा सागवानी दार मी एकट्याने तिसऱ्या मजल्यावर नेलं...

"खोटं!" आतून बायको ओरडली. "दार मी आणि शेजारणीने उचललं. हे पुढून 'जपून, जपून' करत होते, हातात दाराची कडी घेऊन!"