माझ्या पोटावरचा पोचा

मित्रांनो, मी एक जुना पितळी गडवा आहे. गडवा म्हणजे तुमचा पाण्याचा तांब्या. माझी गोष्ट सांगायची मला लाज वाटते, पण लपवायची त्याहून जास्त वाटते.

वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या साली सूर्यभान पाटलांनी मला अमरावतीच्या बाजारातून आणलं. पाहुणा आला की आधी मी पुढे. अशी माझी ऐट होती.

गावच्या शाळेतल्या देवीदास मास्तरांनी एकदा पोरांना घरून भांडी आणायला सांगितली. पाणी कशात गार राहतं, ते त्यांना दाखवायचं होतं. पाटलांच्या गोवर्धनने मला नेलं. पिंजाऱ्याच्या हुसेनने मातीचं मडकं आणलं. त्याच्या घरात पाण्याला तेवढंच होतं. मी त्या मडक्याला पाहून नाक मुरडलं.

सकाळी एकाच विहिरीचं पाणी आम्हा दोघांत भरून सावलीत ठेवलं. दुपारी पोरांनी दोन्ही पाणी ओंजळीत घेऊन पाहिलं. माझं कोमट, मडक्याचं गारेगार. मातीतून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं, म्हणून आतलं गार होतं, असं मास्तरांनी समजावलं. सगळी पोरं मडक्याभोवती जमली. मी मनातून जळत होतो.

तेवढ्यात पाटील मला न्यायला आले. घरी कापसाचे दलाल बसले होते. मडक्यातल्या पाण्याची ओंजळ गोवर्धनच्या तोंडाला लागलेली होती.

"त्या पिंजाऱ्याच्या मडक्यातलं पानी कावून पिऊन राहिला?" पाटलांनी विचारलं.

"कोन्तं थंड हाये ते पाहून राहिलो, बाबा."

पाटलांनी मला रिकामं केलं आणि मडक्यावर हाणलं. मडकं फुटलं, मी खालच्या दगडावर आदळलो. मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मला बरं वाटलं.

हुसेनने खापऱ्या टोपीत गोळा केल्या. "मास्तर, उद्या दुसरं आणू काय?" असं त्याने हळूच विचारलं. मास्तर पाटलांकडे पाहत राहिले. हुसेन पुन्हा शाळेत आला नाही.

घरी पाटलीण माणिकबाईंनी मला चिंच-राखेने घासलं, निखाऱ्यांवर धरलं. मी शुद्ध झालो म्हणे. पोटावरचा पोचा तेवढा राहिला.

आता मी तुमच्या हाती आहे. मला घासा, वापरा, हवं तर शाळेत न्या. पण तो पोचा ठोकून सरळ करू नका. आणि तुमच्या वर्गात कुणी घरून मडकं घेऊन आलं, तर आधी त्याचं पाणी प्या.